बजावणी

तासगावच्या कोर्टात माझे वडील बेलीफ होते,
दस्तगीर मुजावर, बिल्ला नंबर चार.
सायकल, खाकी पिशवी, पिशवीत समन्स, वॉरंट,
खळीचा डबा आणि दुपारची भाकरी.
खळ भाकरीला लागू नये म्हणून दोन वेगळी फडकी.

मी सांगलीत रात्रीच्या वर्गाला
अमेरिकेची राज्यघटना शिकवते.
मुलं दिवसभर हळदीच्या वखारीत हिशेब लिहून येतात,
बोटं पिवळी, वह्यांचे कोपरे पिवळे.

आज ती जुनी गोष्ट सांगत होते:
एका माणसाची नेमणूक झाली, सही झाली, शिक्का बसला,
आणि कागद कचेरीतच पडून राहिला.
सरकार बदललं. नवे म्हणाले, देत नाही.
कोर्ट म्हणालं, कागद तुझाच,
पण तो देववायचा अधिकार
ज्या कायद्यानं आम्हाला दिलाय
तो कायदाच घटनेत बसत नाही.
म्हणजे हातातली काडी टाकून दिली
आणि त्याच दमात अख्खं रान नावावर करून घेतलं:
काय बसतं, काय बसत नाही, ते आम्ही सांगणार.

मागच्या बाकावरून चौगुले म्हणाला,
"मॅडम, मग त्या माणसाला कागद मिळाला का?"

नाही मिळाला.
दोनशे वर्षं सगळे निकाल वाचतात,
हे विचारतं कोण.

अब्बांनी विचारलं असतं.

सावळजच्या अंगाला अनुसया हंकारे नावाची बाई
विहिरीच्या वाटेचा दावा जिंकली,
एकोणीस वर्षांनी.
अब्बा हुकूम घेऊन गेले.
वाटेवर बोरीच्या काट्यांचं कुंपण,
पलीकडं द्राक्षबाग, बागेचा मालक बाजेवर.
अब्बांनी हुकूम वाचला, मोठ्यानं, स्वल्पविरामासकट.
मालक म्हणाला, "मुजावर, वाचतोस झ्याक.
आता च्या घे आन् जा."
शिक्का गोल होता, जांभळा होता.
काट्यांना वाचता येत नव्हतं.
अब्बांनी खळ लावून कागद दाराला डकवला,
दोन पंच, दोन अंगठे,
आणि अहवालात लिहिलं: ताबा देता आला नाही.
पोलीस बंदोबस्ताला वेगळा अर्ज.
अर्जाला वेगळी तारीख.

वर्गात मी तिकडचंही सांगते:
कोर्ट म्हणालं, या जमातीच्या मुलखात
राज्याचा कायदा चालायचा नाही,
आणि तरी काही वर्षांत ती माणसं
बायकापोरांसकट थंडीत चालवत नेली.
पुढं कधीतरी नऊ काळी मुलं शाळेच्या दारात,
हुकूम त्यांच्याच बाजूचा,
पण पायरी चढायला सैनिक आणावे लागले.

चौगुले पेन खाली ठेवतो.
"मग कोर्टाकडं आहे काय, मॅडम? शाई?"

शाई. आणि एक सायकल.

आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव
मला पाठ्यपुस्तकात सापडत नाही.
कारण चार वर्षांनी तोच बागवाला
कोर्टाच्या ओट्यावर बसलेला अब्बांना दिसला.
भावानं बेदाण्याचं शेड बळकावलेलं,
याच्या हातात ताजा मनाईहुकूम,
आणि भाऊ म्हणत होता, कसला हुकूम?
"मुजावर, तुमी वाचा त्याच्याम्होरं. तुमी झ्याक वाचता."

अब्बा त्याला लागेल असं काही बोलले नाहीत.
कागदाच्या तीन घड्या घातल्या,
पिशवी दांडीला अडकवली,
पायडलवर पाय ठेवून एवढंच विचारलं,
"जाताना हंकारेबाईच्या वाटेनं जाऊ का?"

तो बराच वेळ चपलेकडं बघत राहिला.

त्या संध्याकाळी काटे निघाले.
सगळे नाही.
एक बाई, कमरेवर एक घागर,
अंग चोरून जाईल एवढेच.

अब्बांचा तो अहवाल माझ्याकडे आहे,
कार्बनची प्रत, अक्षर पुसट.
वाट खुली, असं लिहिलंय.
खाली, जागा उरली म्हणून की राहवलं नाही म्हणून,
आणखी एक ओळ:
रुंदी मोजलेली नाही.